विश्लेषण : वसईचा वारसा किल्ल्याबाहेर किती? त्याची नोंद कोण ठेवणार?

सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात आज कोणी वारसास्थळ शोधायला येत नाही. इथे औद्योगिक गाळे, मालवाहू गाड्या, कामगारांच्या चाळी आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. वारसा म्हणजे रेल्वेच्या पलीकडे, दहा-पंधरा किलोमीटरवरचा वसईचा किल्ला, असे सगळ्यांनीच गृहीत धरले आहे. किल्ल्याला केंद्राचे संरक्षण आहे, पर्यटक आहेत, विजयोत्सव आहे. पण वसई तालुक्यात जे जुने आहे त्यातले फारच थोडे त्या तटबंदीच्या आत आहे. बाकीचे गावाच्या नाक्यावर, वाडीत, विहिरीच्या काठावर आणि लोकांच्या बोलण्यात आहे. रस्ता रुंद करायची वेळ आली की ते कुठल्याच यादीत सापडत नाही. ही यादी लोकांनीच तयार करायची का आणि कशी, हा आता वसईतला कळीचा प्रश्न आहे.

किल्ल्याला संरक्षण आहे, मग अडचण कुठे?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. मधली दोनशे पाच वर्षे हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे होते. किल्ला नुसता लष्करी नव्हता, आत अख्खे शहर होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांची चर्च आणि मठ होते. सेंट जोसेफ चर्च १६०१ मध्ये नव्याने बांधल्याची नोंद त्याच्याच शिलालेखात आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून नेला होता. गोव्याला जाऊन त्या दगडाचा फोटो काढणाऱ्या वसईकराला बहुधा हे माहीत नसते.

पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असलेल्या वास्तूला १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात कायदा दगड सांभाळतो, दगडाभोवतीच्या माणसांचे काय करायचे हे त्याला ठरवता आलेले नाही. किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची गावे किल्ल्याला खेटून आहेत. ज्याचे घर शंभर मीटरच्या आत येते त्याला दुरुस्तीसाठीही परवानगीच्या मागे धावावे लागते. अशा माणसाला वारसा म्हणजे अभिमानाची गोष्ट वाटावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसरीकडे किल्ल्यात चित्रीकरणे होतात. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ मधल्या गाण्याच्या व्हिडीओत हेच अवशेष जगाने पाहिले. लग्नापूर्वीच्या फोटोंसाठी तर रांगा लागतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव अक्षरांच्या समाधीशिळा बसवलेल्या आहेत. त्यांच्यावरून रोज शेकडो पावले जातात आणि अक्षरे झिजत जातात.

पोर्तुगीज वारसा म्हणजे नेमके काय?

दगडी चर्च हा त्याचा सगळ्यात ठळक, पण सगळ्यात लहान भाग. रमेदी हे गावाचे नाव 'रेमेदियोस' या पोर्तुगीज शब्दावरून आले, तिथल्या मातेच्या चर्चवरून. क्रूस, नाताळ, पाद्री हे शब्द तर उघडच तिकडचे. पण पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले, हापूस हेही पोर्तुगीजातून मराठीत आले. सातिवलीच्या गाळ्यात महिन्याच्या सात तारखेला जो पगार होतो, तो शब्दही त्याच वाटेने आला आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातला सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला कुपारी म्हणवतो. 'कंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दापासून हे नाव आले असे मानले जाते. त्यांची बोली कादोडी. गंमत अशी की हीच बोली वसईतले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. धर्म बदलला, बोली तीच राहिली. वाडवळीचेही तसेच, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही वाडवळांच्या घरात ती आहे. वयस्क बायांचे लाल लुगडे, लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणायचे उंबराचे पाणी, आगाशीकडची राजेळी केळ्यांची सुकेळी, शेतीसाठी खोदलेली बावखले हा सगळा त्याच संस्कृतीचा भाग. यातले लुगडे, पाणी, केळी, बावखल पोर्तुगीज नव्हे, तर इथलेच आणि बरेचसे त्यांच्या आधीचे.

त्यामुळे 'पोर्तुगीज वारसा' हा शब्दच थोडा फसवा आहे. चर्चचा नकाशा युरोपातून आला असेल, पण दगड इथला आणि तो घडवणारे हातही बव्हंशी इथलेच. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने जबरदस्ती झाली, इन्क्विझिशनचा जाच झाला, हेही नाकारण्यासारखे नाही. पण त्या काळाचा राग आजच्या कुपारी शेतकऱ्याच्या दारातल्या क्रूसावर काढायचा, यात ना इतिहास आहे ना न्याय.

मग हा वारसा कोणाचा?

किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळे आहेत. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रूसावर मारले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चर्चही किल्ल्यातच आहे. एकाच तटात एकाचा विजय आणि दुसऱ्याचा पाडाव आहे, आणि दोघांचे वंशज आज एकाच लोकलने चर्चगेटला जातात.

मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या देवळात दुसरी आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशूची प्रतिमा आहे. तिथल्या भाविकांनी ती प्रतिमा पुसली नाही की झाकली नाही. घंटा देवळाची झाली आणि प्रतिमाही तिच्यावर राहिली. वारसा 'आपला की परका' या वादात पडणाऱ्यांनी एकदा मेणवलीला जाऊन यायला हरकत नाही.

मागे जायचे तर पोर्तुगीजही इथले पहिले नव्हेत. सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटात स्तूप उकरला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. म्हणजे ज्या गावात आज नाक्यावर क्रूस दिसतो, त्याच गावच्या मातीत सम्राट अशोकाची आज्ञा होती.

क्रूस, विहीर, देवाचा दगड : कागद नसेल तर काय होते?

खरी कसोटी इथे लागते. सार्वजनिक जागेवर नवे प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका आणि आधीच्यांचा एकेक करून आढावा घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. त्यानंतर राज्याने २०११ मध्ये धोरण ठरवले. त्यात १ मे १९६० पूर्वीची बांधकामे वेगळी धरली जातात. इतर बांधकामे नियमित करायची, हलवायची की पाडायची, हे समितीने ठरवायचे.

आता प्रश्न असा की वाडीच्या तोंडावरचा क्रूस १९६० पूर्वीचा आहे, हे सिद्ध कोणी करायचे? गावातल्या नव्वदीच्या आजीला ते ठाऊक असते. तिच्या लग्नाची वरात त्या क्रूसापाशी थांबली होती. पण आजीचे ठाऊक असणे हा पुरावा म्हणून फाइलीत लागत नाही. लागते ते मोजणीचा नकाशा, मालमत्ता पत्रक, सातबारावरची नोंद, चर्चच्या दप्तरातला उल्लेख किंवा तारीख सांगता येईल असे छायाचित्र. यातले काहीच नसेल तर दोनशे वर्षांचा क्रूस आणि परवा उभारलेला चौथरा, दोन्ही एकाच रकान्यात जातात : अनधिकृत बांधकाम.

मुंबईत याचा अनुभव येऊन गेला आहे. एप्रिल २०१७ मध्ये महापालिकेने वांद्र्याच्या बाजार रोडवरचा शंभरहून अधिक वर्षे जुना क्रूस पाडला. तो खासगी जागेत असल्याचे रहिवासी सांगत होते. वाद कोर्टात गेला. मुंबईतले अनेक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत लोकांनी नवस म्हणून उभारले होते. म्हणजे ते शहराच्या आरोग्याच्या इतिहासाचेही साक्षीदार आहेत. पण यादीत नाव नसलेल्या साक्षीदाराला कोण विचारतो?

हे फक्त क्रूसाचे नाही. गावदेवी, वेशीवरचा वाघोबा, झाडाखाली टेकवलेला वीरगळ, घडीव दगडांची विहीर यांचीही तीच गत. बावखलांचे तर आणखी वाईट. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे. त्यात पावसाचे पाणी साठते, मुरते आणि समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी गोडे राहते. बाहेरच्याला तो डासांचा खड्डा दिसतो. कितीतरी बावखले भराव टाकून बुजवली गेली, आणि नंतर तिथेच पाणी तुंबते म्हणून ओरड झाली.

लोकांनी केलेले जतन कसे असते?

अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाच्या समाजापुढेही हाच प्रश्न होता. त्यांच्या जागा सरकारी यादीत नव्हत्या, कारण त्या भव्य नव्हत्या. टेक्सासमधल्या मार्फा गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळे बसवणारी ब्लॅकवेल शाळा होती, १९०९ ची, मातीच्या विटांची. १९५४ मध्ये तिथल्या मुलांकडून 'मी स्पॅनिश बोलणार नाही' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि त्या जमिनीत पुरायला लावल्या. भाषेची प्रेतयात्राच म्हणायची. शाळा १९६५ मध्ये बंद झाली. पुढे इमारत पाडायचे घाटले तेव्हा माजी विद्यार्थी एकत्र आले. त्यांनी ती भाड्याने घेतली, जुने फोटो आणि वस्तू गोळा केल्या, आठवणी नोंदवल्या. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केले. इमारत साधीच होती. महत्त्व मिळाले ते लोकांनी जमवलेल्या नोंदींमुळे.

सॅन डिएगोतले चिकानो पार्क त्याहून आपल्या जवळचे वाटेल. वस्तीच्या डोक्यावरून पूल गेला, खाली बाग देऊ असे सांगितले गेले, आणि २२ एप्रिल १९७० रोजी तिथे पोलीस ठाण्यासाठी बुलडोझर आले. रहिवाशांनी जागा ताब्यात घेतली. पुलाच्या खांबांवर चित्रे काढली. २०१६ मध्ये त्याच खांबांसह ती जागा राष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ ठरली.

वसईतही असे काम सुरू आहे, फक्त त्याला कोणी 'जतन' म्हणत नाही. 'किल्ले वसई मोहीम'सारखे गट वर्षानुवर्षे किल्ल्यात साफसफाई करतात, लोकांना फिरवून इतिहास सांगतात. 'कादोडी' नावाचे नियतकालिक बोलीतूनच निघते, म्हणजे घरात बोलायची भाषा छापली जाते. कुपारी महोत्सवात लुगडे, दागिने, गाणी, पदार्थ तरुण पिढीसमोर येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालची हरित वसईची चळवळ पाण्याची आणि शेतीची होती. पण वाडी आणि विहीर वाचली तरच ती संस्कृती उरते, हे ती चळवळ फार आधी ओळखून होती. दिब्रिटो पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

महोत्सवात एक धोका असतो. मंचावर लाल लुगडे नेसले आणि दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवले, तर तो पोशाख उरतो, रिवाज उरत नाही. नाच-गाण्याच्या जोडीला नोंदीचे कंटाळवाणे काम झाले नाही, तर पुढच्या पिढीला फक्त फोटो मिळतील.

घरमालकाने जुने घर का सांभाळायचे?

याचे सरळ उत्तर अजून कोणाकडे नाही. गिरगावातली खोताची वाडी हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांचे प्रसिद्ध उदाहरण. नक्षीदार लाकडी जिने, व्हरांडे, मधोमध क्रूस. एकेकाळच्या घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे, तरीही हे झाले. घर यादीत घातले की मालकाच्या हातातला पुनर्विकासाचा पैसा जातो आणि कौलांचा खर्च त्याच्याच माथी राहतो. राज्यभरासाठीच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. जिल्हा नियोजनातला तीन टक्के निधी गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी राखून ठेवायचे धोरणही राज्याने ठरवले. पण खासगी कौलारू घराच्या वाट्याला त्यातले काय येते, हे विचारले तर हाती काही लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात वसई नाही. नाक्यावरच्या क्रूसापर्यंत हा झोत पोहोचायला किती काळ लागेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

सातिवलीचा याच्याशी काय संबंध?

पूर्व पट्ट्यात क्रूस थोडे, पण आदिवासी पाडे, गावदेवी, वाघोबा, जुन्या वाटा आणि पाणवठे आहेत. बुलेट ट्रेन आणि विरार-अलिबाग मार्गिका याच तालुक्यातून जाते. औद्योगिक वसाहती डोंगराच्या पायथ्याला भिडल्या आहेत. म्हणजे इथे कागदाची गरज पश्चिमेपेक्षा जास्त निकडीची आहे.

दोन कायदे इथे उपयोगी पडतात आणि ते फारसे कोणाला माहीत नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम तपासताना प्रार्थनास्थळे, दफन आणि दहनभूमी, आदिवासींच्या पारंपरिक संस्थांच्या जमिनी यांचा विचार करायला सांगितले आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये काही प्रकारच्या प्रकल्पांना या तपासणीतून सूट देता येईल अशी दुरुस्ती केली, त्यामुळे आपल्या गावातला प्रकल्प कशात बसतो हे आधी विचारून घ्यावे. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांत पवित्र स्थळे, दफनभूमी हे सामूहिक हक्काचा पुरावा मानले आहेत आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. म्हणजे पश्चिमेच्या आजीची जी आठवण फाइलीत लागत नाही, तीच पूर्वेच्या आजीने जंगलाबद्दल सांगितली तर लागू शकते. एकाच तालुक्यातली ही विसंगती कोणी तरी कधी तरी सरकारपुढे मांडायला हवी.

अडचण अशी की हा कायदा ग्रामसभेभोवती फिरतो आणि २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाल्यावर इथल्या ग्रामपंचायती गेल्या. गावे वगळण्याचे आंदोलन इतकी वर्षे का पेटत राहिले, याचे एक कारण हेही आहे. प्रश्न नुसता घरपट्टीचा नव्हता, गावाच्या जागेबद्दल गावाने बोलायची जागा गेली होती.

नोंद करायची तर काय करायचे?

फार खर्च नाही, मोबाइल पुरतो. क्रूस, विहीर, देवाचा दगड, जुने घर जे काही असेल त्याचे चारही बाजूंनी फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी किंवा निदान ओळखीची वस्तू ठेवून. दगडावर अक्षरे असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना फोटो घ्यायचा, म्हणजे ती उठून दिसतात. पीठ, रंग, तेल काही लावायचे नाही. जागेचा नकाशावरचा बिंदू जपून ठेवायचा. सातबारा आणि मालमत्ता पत्रकाची प्रत काढायची. मग घराघरातले जुने अल्बम बघायचे. लग्न, बाप्तिस्मा, साखरपुडा यांच्या फोटोंत मागे क्रूस किंवा विहीर दिसली आणि फोटोची तारीख कळली, की तो फोटो पुरावा होतो. वडीलधाऱ्यांचे बोलणे रेकॉर्ड करताना ते त्यांच्याच बोलीत घ्यावे. प्रमाण मराठीत बोलायला लावले की माणूस निम्मे विसरतो.

हे सगळे व्हॉट्सअॅपच्या गटात टाकून थांबू नये. एक प्रत महापालिकेच्या नगररचना विभागाला, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाला द्यायची आणि पोच घ्यायची. महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत नव्याने अल्बम शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. पोच हातात असेल तर सूचना एका पानाची होते : स्थळाचे नाव, सर्व्हे नंबर, फोटो, जुन्या नोंदीची प्रत आणि नकाशावर ते दाखवावे एवढी मागणी.